गुळव्या केरबा आणि बुवांचा चष्मा

सरका मंडळी, पुढं सरका! पुढं जागा आहे. काय गंमत आहे बघा — कीर्तनाला माणूस खांबामागं बसतो आणि पंगतीला आचाऱ्याच्या मांडीवर! या, या. मावशी, त्या लेकराला आत घ्या, दारात वारं लागतंय. शिवाबा, मृदंगाला जरा दम खाऊ द्या. आज गाणं कमी, बोलणं जास्त. आणि बोलण्याच्या आधी एक प्रश्न!

हाड मोडलं — कुठं जायचं?

"दवाखान्यात!" शाब्बास! दाढ ठणकायला लागली — कुठं? "दवाखान्यात!" वा! आणि म्हशीनं दूध चोरलं, पान्हाच सोडेना, तर? हां... तिला न्यायचं नाही! डॉक्टर स्वतः घरी येतो! त्याला बाजेवर बसवायचं, चहा द्यायचा, वर भजी! "डॉक्टर, आमच्या म्हशीचं तेवढं मनावर घ्या!" बरोबर? मग आता सांगा — माणसाचं मन आजारी पडलं, तर कुठं जायचं?

बोला की! मघाशी मांडव हलत होता. आता कुणी घसासुद्धा खाकरत नाही! अहो, म्हशीला डॉक्टर आणि माणसाला अंगारा? ज्याचं मन आजारी पडलं तो माणूस कोण हो? आजारी? की वेडा? की ढोंगी? की देवाचा गुन्हेगार? हा आजचा प्रश्न. आणि याचं उत्तर मी पोथीतनं देणार नाही. एका गुळव्याच्या घरातनं देणार आहे. ऐका!

आपल्याच मुलखातलं गाव. नाव सांगत नाही — तिथली दहा-बारा माणसं इथं बसलीयत, त्यांनी टोपी पुढं ओढलेली मला दिसतीय! त्या गावात बाळगोंडा अण्णांचं गुऱ्हाळ. आणि त्या गुऱ्हाळावर गुळव्या कोण? केरबा!

आता गुळव्या म्हणजे काय, हे तरण्या पोरांना सांगायला पाहिजे. गूळ पिशवीत उगवतो असं वाटतंय त्यांना! अरे, घाण्यातनं रस काढायचा, तो काहिलीत ओतायचा. काहील केवढी? दोन म्हशी डुंबतील एवढी! खाली चुलवाण धडधडतंय, जळव्या त्यात रस काढलेल्या उसाचं चिपाड सारतोय. वर रस उकळतोय, मळी निघतीय, रंग पालटतोय. आणि एक घडी अशी येते — एकच! — त्या घडीला काहील उतरवायची. लौकर उतरवली, गूळ मऊ, रवा म्हणजे ढेप बसत नाही. उशीर झाला, काळा, करपट, खलास! ती घडी कुणाला कळते? घड्याळाला नाही! गुळव्याला! तो बुडबुड्याकडं बघतो, गार पाण्यात पाकाची गोळी वळून बघतो, आणि ओरडतो — "उतराऽऽ!" आणि ओरडला की आठ गडी उकळत्या काहिलीला हात घालतात. का, कसं, कशाला — कोण विचारत नाही. त्याच्या शब्दावर आठ जणांचे हात-पाय असतात हो! असा शब्द केरबाचा. वीस वर्षं!

आणि केरबाची बायको आक्काताई. बाई कशी? बारीक चणीची, पण बोलायला उभी राहिली की समोरच्यानं खाली बसावं! नवऱ्याला ती "अवं" म्हणायची, आणि नवरा "आक्के" म्हणायचा. लेक नांदायला गेलेली, घरात दोघंच. सगळं चांगलं. काही कमी नाही!

आणि फाल्गुनात केरबा गप्प झाला.

आधी आक्काताईला वाटलं, दमलाय. मग दिसलं, तो जेवत नाही. ताटात भाकरी मोडायचा आणि मोडलेली भाकरी तशीच ठेवून उठायचा. झोप नाही. पहाटे तीनपासनं आढ्याकडं बघत पडलेला. ज्या काहिलीपुढं तो राजासारखा उभा असायचा, तिच्यापुढं उभा राहून एक दिवस म्हणाला, "आक्के, मला कायबी दिसत न्हाई गं यात. नुसता रस दिसतोय." वीस वर्षं ज्याला रसात सगळं दिसलं, त्याला नुसता रस दिसायला लागला.

मग काय! गाव जमलं! आपल्याकडं डॉक्टर तेवढा कमी, सल्लागार घरटी चार! एक म्हणाला, "केरबा, तुला कमी काय हाय? लेक सुखात, घर पक्कं. कशाचं दुःख?" अहो, दुःखाला कारण लागतं, मान्य! पण आजाराला कारण सांगावं लागतं का? कावीळ झालेल्याला कोण विचारतं का — "तुझी लेक सुखात नांदत असताना तू पिवळा कसा झालास?" हसताय काय! विचारतो का आपण? दुसरा म्हणाला, "ढोंग हाय. काम नको म्हणून!" वीस वर्षं धगीपुढं उभा राहिलेला माणूस, त्याला म्हणतोय काम नको! आणि तिसरा शहाणा सगळ्यांत शहाणा. तो म्हणाला, "काहिलीची धग डोस्क्यात बसलीय. जशी बसली तशीच घामावाटं काढायला पायजे!"

मंडळी, पटलं लोकांना! चैत्राचं ऊन. आणि केरबाला, गुळव्याला, चुलवाणाच्या तोंडाशी बसवलं — चिपाड सारायला! सहा दिवस! घाम गेला का? बादलीभर गेला. दुःख गेलं का? नाही गेलं. सातव्या दिवशी तो तिथंच कोसळला, आणि तो शहाणा म्हणाला, "अजून थोडं राहिलंय वाटतं." आक्काताईनं हातातली कळशी तिथंच आपटली! म्हणाली, "अण्णा, माझ्या माणसाचा रस काढून झाला असंल, तर चिपाड मी घरी नेते!"

घरी नेला. मग अंगारा झाला, उतारा झाला, लिंबं कापून झाली. लिंबं एवढी कापली, की उन्हाळाभर सरबत झालं असतं सगळ्या गल्लीला! आणि एक दिवस दारात आली आशाताई. तीच हो, लेकरांच्या डोसाची आठवण करायला येते ती. तिनं केरबाकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, ह्यांना मनाच्या डॉक्टरकडं नेऊया. मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसतात."

आक्काताई खवळली! "माझा नवरा वेडा न्हाई!"

आशाताई म्हणाली, "मी कुठं वेडा म्हटलं? आजारी म्हटलं."

बस! एवढ्या दोन शब्दांतलं अंतर कळायला त्या बाईला आख्खी रात लागली. आणि आपल्याला? आपल्याला किती वर्षं लागली, बघा जरा मोजून!

गेले. डॉक्टरीणबाई वयानं केरबाच्या लेकीएवढी. तिनं काय केलं? ओरडली नाही, दोरी आणली नाही, विजेचा झटका दिला नाही — गावानं तर जाताना हे सगळं सांगून पाठवलं होतं! तिनं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "काका, झोप कधीपासून लागत नाही?" अर्धा तास ऐकत बसली. केरबा नंतर म्हणाला, "आक्के, मला फाल्गुनापासनं सगळ्यांनी सांगितलं. इचारलं हिनंच."

तिनं सांगितलं, "काका, तुम्हाला नैराश्याचा आजार झालाय. यात तुमचा दोष नाही. गोळी रोज घ्यायची. लगेच फरक दिसणार नाही, दोन-तीन आठवडे दम धरायचा. दर पंधरा दिवसांनी येऊन माझ्याशी बोलायचं. आणि बरं वाटलं म्हणून मनानं गोळी बंद करायची नाही!" केरबानं विचारलं, "सवय लागंल का ओ? आयुष्यभर गुंगीत ऱ्हाईन का?" ती म्हणाली, "ही नशेची गोळी नाही. कधी थांबवायची ते आपण दोघं मिळून ठरवू, आणि हळूहळू थांबवू."

दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात केरबा सकाळी सातला जागा झाला. सातला! आक्काताई नाकापुढं हात धरून बघायला लागली, श्वास चालू आहे का! चौथ्या आठवड्यात त्यानं भाकरी मोडली आणि खाल्ली. पाचव्या आठवड्यात आमटी पुढं आली तर म्हणाला, "आज मीठ कमी हाय." मंडळी, त्या बाईला एवढा आनंद झाला! नवऱ्यानं स्वयंपाकाला नाव ठेवलं म्हणून आनंदानं रडलेली बाई मी तरी दुसरी बघितलेली नाही!

आता इथं आख्यान संपायला पाहिजे होतं. बरं झाला, देवाची कृपा, चला आरती! पण नाही. कारण श्रावण आला, आणि गावात सप्ताह बसला.

सप्ताहाला बुवा आले. बुवा कसे? तयारीचे! आवाज खणखणीत, उपरण्याला इस्त्री, टाळी कुठं मिळते हे अचूक ठाऊक. तिसऱ्या दिवशी कीर्तन रंगात आलं, आणि बुवांना टाळी पाहिजे होती. बुवा गरजले — "ज्याच्या जिभेवर नाम आहे, त्याला मनाचा रोग होईलच कसा? आणि जो मनासाठी गोळ्या खातो, त्याचा देवावर भरवसाच नाही!" कडाड् कड् टाळ्या! मृदंगावर थाप! बुवा खूश!

पुरुषांच्या तिसऱ्या ओळीत केरबा बसला होता. त्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. त्यानं खिशावर हात ठेवला — असा — झाकल्यासारखा. बायकांच्या बाजूनं आक्काताईनं तो हात बघितला. आणि बुवांचं वाक्य कुठं लागलं ते तिला कळलं.

घरी येऊन त्यानं पट्टी चुलीत टाकली. म्हणाला, "आक्के, मी देवाचा गुन्हेगार न्हाई हुणार." दिवसभर नाम घ्यायला लागला. नाम वाईट का? नाही हो! नामाइतकं गोड काय आहे! पण आजारी पोटाला आपण पुरणपोळी वाढतो का? भाद्रपद लागला आणि माणूस परत खाली गेला. पहिल्यापेक्षा खोल. आणि आता वर दुसरं ओझं — एवढं नाम घेऊनही बरं वाटत नाही, म्हणजे देवानंच टाकलंय मला!

एक दिवस भर दुपारी तो घरात नव्हता. आक्काताई शोधत शोधत अण्णांच्या गुऱ्हाळावर गेली. हंगाम नाही, सगळं बंद. विझलेल्या चुलवाणाच्या काठावर केरबा बसलेला. ती जवळ बसली. आणि मंडळी, आता ऐका, कारण आपण सगळे इथं चुकतो. आपण म्हणतो, तो विषय काढू नये, काढला की माणसाच्या डोक्यात भरतं. आक्काताईनं विषय काढला. सरळ विचारलं. "अवं, जिवाचं काय वंगाळ करायचं मनात येतंय का?"

केरबानं चुलवाणातली राख हातानं उकरली. मग म्हणाला, "येतंय."

बाई रडली नाही, ओरडली नाही, शपथ घातली नाही. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "सांगितलंसा, बरं केलंसा. आता ह्यातलं निम्मं माझ्याकडं द्या." आणि हात न सोडता त्याला उठवलं, भावाला हाक मारली, आशाताईला फोन केला, आणि तशीच दवाखान्यात घेऊन गेली. मंगळवार नव्हता, तरी गेली! डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस ठेवून घेतलं, परत गोळी सुरू करायचं ठरवलं. पण केरबा गोळीला तोंड उघडेना! म्हणायचा, "तुमचं ज्ञान मोठं हाय बाई. पण बुवा देवाच्या दारात बोललं. ते खोटं कसं असंल?"

आक्काताईनं नवऱ्यापाशी भाऊ बसवला. पदर खोचला. आणि त्या बुवांच्या गावची एसटी धरली!

बुवा ओसरीवर बसलेले. मांडीवर पोथी, नाकावर चष्मा, शेजारी पाण्याचा तांब्या. बाई आली ती नमस्कार न करताच बोलली. "बुवा, वळख न्हाई. पर तुमच्या एका वाक्यापायी माझा माणूस मरायला टेकलाय." आणि सगळं सांगितलं.

बुवा गडबडले. म्हणाले, "बाई, मी आपलं... नामाचा महिमा सांगत होतो. भाव असला पाहिजे..."

"भाव हाय की! तुमचा भाव किती वर्षांचा?"

"तीस वर्षं झाली कीर्तनाला."

"तीस वरीस नाम घेतायसा?"

"हो!"

"मग बुवा," आक्काताई म्हणाली, "तुमचा चष्मा का गेला न्हाई?"

हसा, हसा! बुवा नाही हसले! बुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्यात आतनं बुवांच्या बायकोनं आवाज दिला — मंडळी, देव कुणाच्या तोंडातनं बोलेल सांगता येत नाही! — ती म्हणाली, "अहो, दाबाची गोळी घेतलीत का?"

संपलं! बुवांचा पार निकाल लागला! नामधारकाच्या डोळ्याला काच चालते, रक्ताला गोळी चालते. आणि गरिबाच्या मनाला मात्र गोळी चालत नाही! कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे? बुवांनी तीस वर्षांत वादात हार खाल्ली नव्हती. त्या दिवशी अंगठाबहाद्दर बाईनं एका प्रश्नात त्यांना ओसरीवरच आडवं केलं!

आता तुम्ही विचाराल, महाराज, तो बुवा कोण? नाव सांगा! सांगतो. लपवायचं कशाला?

तो बुवा तुमच्यापुढं उभा आहे. हा बघा चष्मा!

टाळीसाठी बोललो होतो मंडळी. मला टाळी मिळाली, आणि एका माणसानं औषध सोडलं. या जिभेची मला लाज वाटली. आजही वाटते. पण नुसती लाज वाटून केरबाच्या पोटात गोळी जाणार होती का? बाई म्हणाली, "बुवा, रडू नका. चला." गेलो मुकाट्यानं तिच्या मागं!

दवाखान्यात केरबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजलेला. मला बघून उठायला लागला, पाया पडायला! मी म्हटलं, "थांब. आज मी पडतो." आणि पडलो. मग खिशातनं माझी गोळी काढली. म्हटलं, "केरबा, ही माझी. रक्तदाबाची. अकरा वर्षं खातोय. सकाळी गोळी खातो आणि संध्याकाळी नाम घेतो, देव मला कधी काही बोलला नाही! त्या दिवशी देवळात बोललो ते चूक होतं. देवाचं नव्हतं ते, माझं होतं. माझा शब्द मी परत घेतला. आता दोघं मिळून घेऊ!" मी माझी तोंडात टाकली. केरबानं डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, आक्काताईकडं बघितलं. आणि हात पुढं केला.

बोला देवाच्या नावानं चांगभलं! शिवाबा, वाजवा की! आता नाही वाजवायचं तर कधी?

दसरा झाला, दिवाळी झाली. केरबा परत सातला उठायला लागला, आमटीला नावं ठेवायला लागला. आणि मी त्याच गावात, त्याच देवळात जाऊन सांगून आलो, "मंडळी, मी चुकलो." त्या दिवशी टाळी मिळाली नाही. चालतंय!

आणि अण्णांचं गुऱ्हाळ पेटायचा दिवस ठरला. केरबा अण्णांच्या दारात गेला. "अण्णा, येऊ का कामावर?"

अण्णा भला माणूस. पण मान खाली घालून म्हणाला, "ये की! रवे बांधायला बस. सावलीतलं काम हाय." केरबा म्हणाला, "मी गुळव्या हाय अण्णा." अण्णा म्हणाला, "माझं काय न्हाई रं. पर गडी काय म्हणत्यात... एवढं रसाचं आदण चुलवाणावर उकळतंय, आणि डोकं फिरल्याला माणूस उतरा म्हणतोय, तर आम्ही हात घालायचा का?" बघा! वीस वर्षांचा शब्द, आणि सहा-सात महिन्यांच्या आजारानं त्याची किंमत शून्य! आजार बरा झाला होता मंडळी, पण त्याच्या नावावर लागलेला शिक्का कुठल्या गोळीनं काढायचा? केरबाला पगार नको होता, दया नको होती. त्याला त्याचा शब्द परत पाहिजे होता.

केरबा म्हणाला, "एक दिवस द्या. एकच." अण्णांनी दिला.

सगळं गाव बघायला! मीही गेलो होतो, आक्काताईनं निरोप धाडला होता. ती बायकांच्यात उभी, पदराचं टोक मुठीत. पहिलं आदण चढलं. केरबा काहिलीपुढं उभा राहिला. बघतोय, बघतोय. गोळी वळली. आणि — "उतराऽऽ!" गड्यांनी एकमेकांकडं बघितलं. अण्णानं खूण केली. उचलली काहील, ओतली वाफ्यात, गूळ निववायच्या हौदात. घोटायला लागले. घोटतायत, घोटतायत...

गूळ बसेना! मऊ! नुसता लगदा!

आक्काताईनं डोळे मिटले. आणि दत्तू जळव्या, हा आडदांड गडी, चुलवाणापासनं ओरडला, "बघितलं? म्या म्हणलं नव्हतं? डोस्कं ठिकाणावर न्हाई अजून!"

मंडळी, आता हा माणूस मोडणार. असं मलाही वाटलं. म्हणजे आम्ही अजून शिकलो नव्हतो! केरबानं वाफ्यात बोट घातलं. चाखलं. आणि शांतपणे म्हणाला, "लौकर उतरलं. अवंदा पाऊस लांबला, रसात पाणी ज्यास्त हाय. माझ्या ध्यानात आलं न्हाई. चूक माझी." मग दत्तूकडं वळला. "दत्तू, वीस वरसात माझी पंधरा-वीस आदणं बिघडली असतील. अण्णा साक्षीला हाय. तवा तुमी म्हणायचा — केरबा चुकला. आज एक बिघडलं, तर म्हणताय — केरबा याडा हाय. का रं? शहाण्या माणसाला चुकायची मुभा, आणि आजारातनं उठल्याला माणसाला न्हाई? परवा तू फटफटी घिऊन शेणखड्ड्यात गेलास. तुला कुणी याडा म्हणलं का?"

हशा पिकला! दत्तूची बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली! आणि अण्णा पुढं झाला. म्हणाला, "खरं हाय. चढवा दुसरं!"

दुसरं आदण. आता केरबा वाकला तो काहिलीवर डोळा लावून. फेस चढला, बसला. सोनेरी झालं. गडी म्हणाले, "केरबा, झालं!" तो म्हणाला, "थांबा." रंग दाट झाला. अण्णा म्हणाला, "केरबा, लागंल रं बुडाला!" "थांबा!" वाफेत त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसता वर केलेला हात दिसत होता. आणि तो हात खाली आला —

"उतराऽऽऽ!"

आणि सगळ्यांच्या आधी काहिलीला हात कुणाचा लागला? दत्तूचा! चुलवाण सोडून धावला गडी! ओतलं, घोटलं, साच्यात भरलं. साचा काढला तर काय! रवा असा उभा! पिवळाधमक! अण्णानं तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि डोळे पुसत आक्काताईपुढं धरला. "वहिनी, तोंड गोड करा. आमचा गुळव्या आला!" आक्काताई गूळ खाऊन नवऱ्याकडं बघत एवढंच म्हणाली, "गोडीला जरा कमीच हाय." तर केरबा एवढा हसला, की त्याला ठसका लागला! मंडळी, फाल्गुनापासनं तो हसला नव्हता हो. त्या हसण्यापुढं माझी सगळी कीर्तनं ओवाळून टाकावीत!

दुपारी भाकरीला बसले. केरबानं खिशातनं गोळी काढली — लपवून नाही, सगळ्यांच्या पुढं — आणि घटकन घेतली. जेवण उरकल्यावर दत्तू त्याच्या शेजारी येऊन बसला. जमिनीवर काडीनं रेघा ओढत म्हणाला, "केरबा... माझी धाकटी भन माहेरी आलीया. बाळंत होऊन तीन महिनं झालं. लेकराकडं बघत न्हाई, बोलत न्हाई. आई म्हणतीया, बाहेरचं हाय. ती डॉक्टरीणबाई... कुठल्या वारी असती रं?"

"मंगळवारी," केरबा म्हणाला. "मी येतो संगं."

मार्गशीर्ष संपेपर्यंत त्या गावातनं मंगळवारच्या एसटीला किती माणसं जायला लागली? सात! सात जणं मंडळी! आधी ती कुठं होती? तिथंच होती. भिंतीकडं तोंड करून निजलेली होती!

आता तुमच्याकडं येतो. तुमच्या गावात अशी किती आहेत? हात वर करा म्हणत नाही, तेवढा दुष्ट मी नाही. पण घरात कोण जेवत नाही, कोण महिनोन्‌महिने बोलत नाही, कुणाला तुम्ही "नाटकं बंद कर" म्हणालात, हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याजवळ जाऊन बसा. सांगू नका, विचारा! आणि ज्याला स्वतःला तसं वाटतंय, त्यानं ऐकावं — बाबा, बाई, तू कमजोर नाहीस. देव तुझ्यावर रागावलेला नाही. रागावला असेल तर माझ्यावर, आणि मी माफी मागून मोकळा झालोय! नाम घ्या, मनापासनं घ्या. आणि गोळी लागत असेल तर तीही घ्या!

उद्या मंगळवार आहे. सकाळी साडेआठची एसटी. मी स्टँडवर उभा राहणार आहे, कारण माझाही दाब तपासायचा आहे. कुणाला सोबत पाहिजे असेल त्यानं यावं. लोकांची लाज वाटत असेल तर काळजी नको — बुवाबरोबर निघाला म्हणजे लोकांना वाटेल भजनाला चाललेत! आणि वाटेत कुणी विचारलंच ना, "बुवा, कुठं निघालात एवढी माणसं घेऊन?", तर उत्तर मी देणार आहे. या खणखणीत आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं देणार आहे —

दवाखान्यात!

उठा मंडळी, उभं राहा! शिवाबा, सोडा आता मृदंग मोकळा! हात वर, आवाज वर — गजर असा होऊ द्या, की आत कुठं भिंतीकडं तोंड करून कोण निजलं असेल, तो या कुशीवर वळला पाहिजे!